खाऱ्या पाण्यात उतरून फ्लाय फिशिंग करताना सामान अंगावर कुठे ठेवायचं?

ओलीवाट

नमस्कार मंडळी. आतापर्यंत माझं फ्लाय फिशिंग ओढे आणि लहान नद्यांपुरतंच होतं. अंगात खिशाखिशांचा व्हेस्ट, पाणी फार तर गुडघ्याएवढं आणि काही लागलं तर काठ दोन पावलांवर. आता समुद्रात उतरायचं ठरवलं आहे. जागा दोन प्रकारच्या आहेत. एक म्हणजे ओहोटीला लांबवर उघडी पडणारी उथळ वाळूची सपाटी, जिथे मासा आधी डोळ्यांनी हेरायचा आणि मग कास्ट करायचा, म्हणजे लाइन त्याच्या दिशेनं फेकायची. दुसरी म्हणजे लाटा फुटतात ती उघडी पुळण.

व्हेस्ट चालणार नाही एवढं कळतंय, कारण खालचे खिसे पाण्यातच राहतील. पण त्याच्या जागी काय? कंबरेची पिशवी, एका खांद्यावरची स्लिंग, छातीवरची लहान पिशवी की पाठीवरची सॅक? जाहिराती बघितल्या की सगळंच चांगलं वाटतं. तासन्‌तास पाण्यात उभे राहणाऱ्यांनी सांगावं: काय नेता, अंगावर कुठे ठेवता आणि का?

भरतीवेळ

पिशवी घेण्याआधी विचारलंत हे फार बरं केलंत.

व्हेस्टचा जन्मच नदीसाठी झालेला आहे. ली वुल्फ यांनी १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला तो शिवला. नदीत पाण्यावर कोणता किडा उडतोय ते पाहून फ्लाय, म्हणजे गळावर बांधलेलं बनावट आमिष, बदलत राहावी लागते, म्हणून डब्या वाढतात आणि डब्यांबरोबर खिसेही. समुद्रातला मासा कोळंबी, खेकडे आणि लहान मासळी यांच्यामागे असतो. त्यामुळे फ्लायचे प्रकार कमी, आकार मोठा आणि सामान एकूण बरंच थोडं लागतं. निम्मा प्रश्न इथेच सुटतो.

राहिलेला निम्मा माझ्या मते दोन गोष्टींवर ठरतो. पाणी अंगावर कुठपर्यंत चढणार, आणि हातातली सुटी लाइन अंगाच्या कुठल्या बाजूनं जाणार. पिशवीचा प्रकार त्यानंतर.

आधी पाणी. दिवसातून दोनदा भरती येणाऱ्या किनाऱ्यावर ओहोटीपासून भरतीपर्यंत साधारण सहा तास लागतात, पण पाणी सारख्या वेगानं चढत नाही. जुना ठोकताळा बाराव्या हिश्शांचा आहे: पहिल्या तासात एकूण चढाच्या बारा भागांपैकी एक, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन, चौथ्यात तीन, पाचव्यात दोन आणि सहाव्यात एक. म्हणजे एकूण चढ २ मीटर असेल तर तिसऱ्या आणि चौथ्या तासात मिळून १ मीटर. तुम्ही मांडीभर पाण्यात मजेत उभे असता आणि त्याच जागी दोन तासांनी पाणी छातीशी असतं. उधाणाला (अमावास्या-पौर्णिमेच्या मोठ्या भरतीला) हे जास्त जाणवतं, भांगाला (अष्टमीच्या सुमाराच्या लहान भरतीला) कमी. काही किनाऱ्यांवर दिवसात एकच भरती येते, तिथे हा हिशेब लागू पडत नाही. म्हणून सकाळी कोरडी राहिलेली कंबरेची पिशवी दुपारी पाण्यात असेल का, हे निघण्याआधी भरतीच्या तक्त्यात पाहून ठेवायचं.

आता लाइन. उजव्या हातानं कास्ट करणारा डाव्या हातानं लाइन ओढतो आणि ती डावीकडे नाहीतर समोर पाण्यात पडत जाते. मासा लागला की तीच सुटी लाइन पाण्यावरून उसळत रॉडवरच्या गाइडकडे, म्हणजे लाइन ओवलेल्या कड्यांकडे, धावते. त्या क्षणी वाटेत पक्कडीचं टोक, लोंबणारी कात्री, पिशवीचं बक्कल, काहीही असलं तरी लाइनचा फास नेमका तिथे अडकतो आणि टिपेट (फ्लाय बांधतात तो टोकाचा बारीक धागा) तुटतं. वारा असला की फास आधीच जाऊन अडकून बसलेला असतो. त्यामुळे माझी डावी बाजू आणि पोट पूर्ण रिकामं असतं. पक्कड उजव्या कंबरेवर, तीही जरा मागच्या अंगाला. छातीवर लटकणारं काहीही नाही. डावखुऱ्यांनी उलट करायचं.

वाळूच्या सपाटीवर मी कंबरेचीच पिशवी वापरतो. नेहमी मागे, पाठीच्या खालच्या भागावर टेकलेली. काही काढायचं झालं की पट्टा सैल करून पुढे फिरवायची, काम झालं की परत मागे. वजन कंबरेवर बसतं, खांदे मोकळे राहतात, दिवसभर कास्ट करून मान दुखत नाही.

पाठपिशवी

भरतीवेळदादांची बाकी सगळी मांडणी पटली, कंबरेच्या पिशवीला मात्र माझा विरोध आहे. सपाटीवर माणूस एका जागी थांबत नाही. माशामागे किनाऱ्यापासून दूर जातो, मध्ये एखादी खोल वाहाळ (पाण्याची खोलगट वाट) पार करावी लागते. वाहाळीत पाणी पोटापर्यंत आलं की कंबरेची पिशवी गळ्याशी उचलून धरायची, दुसऱ्या हातात रॉड, आणि पाय चाचपडत पुढे. तोल जायला एवढं पुरे.

मी पाठीवर वॉटरप्रूफ सॅक घेतो, तोंड गुंडाळून बंद करायची. प्यायचं पाणी, रेनकोट, सुटा रील, जादा लीडर (लाइन आणि फ्लाय यांना जोडणारा धागा) सगळं तिच्यात. ज्या चार वस्तू घडीघडी लागतात त्या शर्टाच्या खिशात. सॅक दिवसातून दोन-तीनदाच उघडते.

भरतीवेळ

@पाठपिशवी, वाहाळीचा मुद्दा मान्य. पण हवा भरलेली वॉटरप्रूफ सॅक पाठीवर घेऊन खोल पाण्यात जाण्याबद्दल नव्या माणसाला एक गोष्ट सांगायलाच हवी.

२० लिटरची सॅक घ्या, आत ६ किलो सामान आणि बाकी हवा. ती पूर्ण पाण्याखाली गेली तर २० किलोच्या आसपास पाणी बाजूला सारते, म्हणजे जवळजवळ १४ किलोचा जोर तिला वर ढकलतो. लाटेनं पडलात, पालथे झालात, तर हा जोर पाठीवर लागतो आणि तोंड पाण्यातच दाबलं जातं. लाइफजॅकेटचा फुगवटा मुख्यतः छातीवर आणि मानेशी असतो तो याच कारणानं.

त्यावर उपाय आहेत. तोंड गुंडाळण्याआधी सॅक दाबून जमेल तेवढी हवा काढायची. वाहाळ पार करताना छातीवरचा आणि कंबरेवरचा पट्टा सोडून ठेवायचा, म्हणजे प्रसंग आला तर एका झटक्यात सॅक अंगावेगळी होते. आणि लाटा फुटतात तिथे ती पाठीवर न घेतलेलीच बरी.

पाठपिशवी

बरोबर. पट्टे मी सोडतोच, पण हवा काढण्याचं इथे लिहायला हवं होतं. यात एवढंच जोडतो की अंगावेगळी केलेली सॅक सोडून द्यायची नाही. छातीशी कवटाळून धरली तर तीच तरंगायला मदत करते. लाइफजॅकेटची जागा मात्र ती घेऊ शकत नाही. कंबरेला बांधायची किंवा गळ्यातली फुगणारी लाइफजॅकेट मिळतात, कास्ट करताना अडचण होत नाही. सॅक घेऊ नका पण ते घ्या, असं मी कोणालाही सांगेन.

पाणकोंबडी

सगळे ‘मांडीभर’, ‘कंबरेएवढं’ असं लिहिताहेत म्हणून मध्येच येते. माझी उंची पाच फुटांच्या आत आहे. बरोबरच्या उंच माणसाच्या मांडीला लागलेलं पाणी माझ्या कंबरेच्या वर असतं. त्यांची कोरडी कंबरेची पिशवी माझ्या अंगावर दिवसभर भिजते. त्यामुळे पिशवी निवडताना दुसऱ्यांचे अनुभव वाचा, पण पाण्याची खोली स्वतःच्या अंगावर मोजा.

मी स्लिंगवर येऊन थांबले आहे. पट्टा कास्ट न करणाऱ्या खांद्यावर, पिशवी पाठीवर उंच, काखेच्या जरा खाली. स्लिंगमध्ये दोन त्रास आहेत आणि दोन्ही खरे आहेत. एक, सगळं वजन एका खांद्यावर येतं. त्यामुळे तिच्यात पाण्याची मोठी बाटली ठेवायची नाही, सामान दीड-दोन किलोच्या आत ठेवायचं. दुसरा, मासा सोडायला वाकलं की स्लिंग घसरून पुढे येते आणि थेट पाण्यात, कधी तर माशावरच. त्यासाठी काखेखालून जाणारा दुसरा बारीक पट्टा असतो. बऱ्याच जणी-जण तो काढूनच टाकतात. तो लावा, घसरणं थांबतं.

छातीवरची पिशवी मी मुद्दाम टाळते. ती असली की खाली पाय कुठे पडतोय ते दिसत नाही, आणि सपाटीवर पायाखाली बघत चालावंच लागतं.

ओलीवाट

पाणकोंबडीताई, उंचीचा मुद्दा डोक्यातच आला नव्हता. माझी उंची मध्यम आहे, पण गुडघ्याच्या थोडं वर गेलो की लाटेचं पाणी कंबरेवर उडणारच.

पायाखाली बघण्याचं म्हणालात ते पाकटांसाठी का? आणि दुसरं, ‘वॉटरप्रूफ’ म्हणजे नक्की किती? एका पिशवीवर आयपीएक्स ६ लिहिलंय, दुसरीवर आयपीएक्स ७, तिसरीवर फक्त ‘पाणीरोधक’.

पाणकोंबडी

हो, पाकटांसाठी. पाय उचलून टाकायचा नाही, वाळूवरून घासत सरकवायचा. पाकटाला आधी चाहूल लागते आणि ते निघून जातं. वर पाय पडला तरच ते शेपटीचा काटा मारतं.

काटा लागलाच तर जखम सोसवेल इतक्या गरम पाण्यात ठेवायची, साधारण ४५ अंश सेल्सिअस, त्याहून जास्त नाही, नाहीतर कातडी भाजते. अर्धा तास ते दीड तास. उष्णतेनं विषाचा जोर कमी होतो आणि वेदना उतरते. पोटात, छातीत किंवा मानेत काटा घुसला असेल तर तो उपसायचा नाही, तसंच दवाखान्यात न्यायचं. म्हणून किनाऱ्यावरच्या सामानात आमचा गरम पाण्याचा थर्मास असतोच. अंगावरचं सामान कमी करायचं म्हणजे काय काय किनाऱ्यावर ठेवायचं हेही ठरवायचं.

पक्कड_आणि_गळ

आयपीएक्सचं मी सांगतो. आयपीएक्स ६ म्हणजे जोराच्या फवाऱ्यापासून संरक्षण. आयपीएक्स ७ म्हणजे १ मीटर खोल पाण्यात ३० मिनिटं बुडवली तरी आत पाणी जाऊन बिघाड होत नाही. ८ म्हणजे त्याहून कडक, किती खोल आणि किती वेळ ते कंपनीनं लिहिलेलं असतं. ६ आणि ७ या वेगळ्या चाचण्या आहेत. ७ आहे म्हणून जोराचा फवाराही सोसेल असं धरून चालू नये. म्हणून काही वस्तूंवर दोन्ही आकडे असतात. नुसतं ‘पाणीरोधक’ म्हणजे पावसाची सर. पाण्यात उभं राहणाऱ्याच्या कामाचं नाही.

पण या सगळ्या चाचण्या गोड्या पाण्यात आणि नव्या वस्तूवर होतात. समुद्रात वाळूचा एक कण चेनच्या दातात बसला की आकडा संपला. बुडवता येणाऱ्या पिशव्यांची चेन जाड आणि घट्ट असते, ती शेवटच्या टोकाला नीट जाऊन बसली तरच पाणी अडतं. त्या टोकाला सिलिकॉनचं वंगण अधूनमधून लावावं लागतं, आणि बंद करण्याआधी बोटानं वाळू पुसून घ्यायची. तोंड गुंडाळायच्या पिशवीत बिघडण्यासारखं काही नसतं. निदान तीन वेढे द्यायचे. उघडायला वेळ लागतो एवढाच तोटा.

फोन आणि गाडीची किल्ली मात्र कुठल्याही पिशवीच्या भरवशावर ठेवू नका. त्यांना वेगळी लहान बंद पिशवी, आणि तीही मोठ्या पिशवीच्या आत. आजकालच्या किल्लीत इलेक्ट्रॉनिक चिप असते, ती खाऱ्या पाण्यात गेली की परतीची वाट बंद.

खडपावरचा

ओलीवाट, तुमच्या दुसऱ्या जागेबद्दल, म्हणजे लाटा फुटतात त्या पुळणीबद्दल कोणी बोललं नाही, म्हणून लिहितो. तिथलं गणित सपाटीपेक्षा पूर्ण वेगळं आहे.

लाटांत लाइन पाण्यात सोडता येत नाही. लाट ती पायाभोवती गुंडाळते, परतीचा ओढ ती खोल पाण्यात नेतो आणि पुढच्या कास्टला अर्धी लाइन पाण्यातून उपसावी लागते. म्हणून पोटाशी स्ट्रिपिंग बास्केट, म्हणजे ओढलेली लाइन झेलणारी टोपली, बांधायची. तिच्या तळाला सुळके असतात, त्यांच्यामुळे लाइनचे वेटोळे एकमेकांत गुंतत नाहीत. तळाला भोकं हवीत, लाटेचं पाणी निघून जायला. बास्केट कंबरेवर आली म्हणजे कंबरेची पिशवी गेली. छातीची पिशवी बास्केटच्या तोंडावर येते, तीही गेली. उरली पाठीवरची लहान पिशवी किंवा काहीच नाही.

मी ‘काहीच नाही’ या पक्षाचा आहे. एक चपटी डबी, एक टिपेटचं रीळ, पक्कड, शिट्टी. डबी वेडरच्या (पाण्यात उतरायच्या, पाणी न शिरणाऱ्या पोशाखाच्या) आतल्या खिशात. पुळणीवर किनारा मागे पन्नास पावलांवर असतो, बाकी सगळं भरतीच्या रेषेच्या वर ठेवायचं आणि लागलं तर चालत जाऊन आणायचं.

वेडर घालणार असाल तर वेडरचा पट्टा सगळ्याच्या आधी, अंगाला घट्ट. बास्केटचा पट्टा त्याच्यावरून, वेगळा. दोन्हीचं काम एका पट्ट्यावर ढकलायचं नाही, कारण प्रसंगी बास्केट सोडून द्यावी लागते आणि वेडरचा पट्टा तेव्हा जागेवर राहायला हवा. वेडरमध्ये पाणी भरलं की माणूस खाली ओढला जातो असं लोक समजतात, तसं होत नाही. पाण्यात पाण्याचं वजन लागत नाही. पण भरलेल्या वेडरनं पाय हलवता येत नाहीत आणि किनाऱ्याशी आल्यावर उभं राहवत नाही. पट्टा असला तर पाणी आत शिरतं ते फार कमी.

रात्रपाळी

खडपावरच्या दादांना पूर्ण अनुमोदन. रात्री उतरणाऱ्यांसाठी थोडी भर.

अंधारात प्रत्येक वस्तूची जागा कायमची ठरलेली हवी आणि प्रत्येक वस्तू दोरीनं बांधलेली हवी. हातातून सुटलेली पक्कड रात्री परत मिळत नाही. हेडलॅम्प मी डोक्यावर न लावता गळ्यात घालतो. गाठ मारताना हनुवटीखालून उजेड नेमका हातांवर पडतो, आणि दिवा चुकून समुद्राकडे वळत नाही. लाल उजेड असेल तर डोळ्यांना अंधाराची सवय टिकून राहते. गाठ मारताना समुद्राला पाठ करायची नाही, कडेनं उभं राहायचं.

लीडर घरूनच बांधून न्या. तीन तयार लीडर, प्रत्येकाला फ्लाय लावलेली, वेगवेगळ्या लहान पिशव्यांत. काळोखात गाठ मारण्यापेक्षा फासात फास अडकवून अख्खा लीडर बदलणं सोपं.

ओलीवाट

हे सगळं वाचून माझी यादी निम्म्यावर आली आहे! आता आत काय काय न्यायचं ते सांगाल का? विशेषतः फ्लाय किती, आणि खाऱ्या पाण्यानं त्या गंजू नयेत म्हणून काय करता?

पक्कड_आणि_गळ

हा माझ्या जिव्हाळ्याचा विषय, त्यामुळे लांबण होईल.

फ्लाय नक्षीपेक्षा बुडण्याच्या वेगानं निवडा. पाणी घोट्याएवढं असेल तिथे वजन नसलेली किंवा फार हलकी, नाहीतर पडण्याच्या आवाजानंच मासा पळतो. गुडघ्याएवढ्या पाण्यात मण्यांच्या साखळीचे डोळे असलेली. त्याहून खोल किंवा ओढ असेल तिथे डंबेल डोळ्यांची, क्लाउझर मिनोसारखी. या तीन वजनांत कोळंबी, खेकडा आणि लहान मासळी असे नमुने, प्रत्येकाच्या दोन-तीन. एका चपट्या डबीत बसतं. पाच डब्या नेणाऱ्याचा वेळ फ्लाय बदलण्यातच जातो आणि तोवर मासा समोरून निघून गेलेला असतो.

टिपेटची दोनच रिळं, पलीकडच्या माशाच्या ताकदीप्रमाणे. बोनफिशसाठी साधारण १० ते १६ पौंडांची. दातेरी मासा, म्हणजे बाराकुडा वगैरे असेल तिथे तारेचा तुकडा बांधलेला एक लीडर वेगळा, कारण फ्लोरोकार्बनचा धागा कितीही जाड असला तरी ते दात तो कापतात.

आता गंज. समुद्राच्या एक किलो पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. त्यातलं मॅग्नेशियम क्लोराइड हवेतली ओल शोषून घेतं. म्हणून मीठ लागलेली वस्तू दमट हवेत कधीच पुरती वाळत नाही, कपाटात ठेवली तरी आत काम चालूच राहतं. वापरलेली ओली फ्लाय परत मुख्य डबीत गेली की तिच्याबरोबर शेजारच्या कोऱ्या फ्लायही गंजतात. वापरलेल्या फ्लायसाठी एक वेगळी लहान डबी ठेवाच. घरी आल्यावर गोड्या पाण्यात धुवायच्या, पूर्ण वाळवायच्या आणि मगच मुख्य डबीत.

पक्कडीबद्दल. स्टेनलेस म्हणजे गंजत नाही असं नाही. ३०४ प्रतीचं स्टील समुद्रात ठिपक्याठिपक्यांनी गंजतं. ३१६ मध्ये २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम असतं, ते क्लोराइडला जास्त दाद देत नाही. स्टेनलेसचं रक्षण करणारा थर हवेतल्या ऑक्सिजनवर टिकतो. ओल्या निओप्रीनच्या म्यानात पक्कड दिवसेंदिवस कोंडून ठेवली की तो थर तुटतो आणि फटींतून गंज सुरू होतो. म्यानाला खाली भोक हवं आणि घरी आल्यावर पक्कड बाहेर काढून ठेवायची. ॲल्युमिनियमची पक्कड हलकी असते, पण तिला स्टीलचे स्क्रू असले तर खाऱ्या पाण्यात दोन धातूंमध्ये विद्युत क्रिया होऊन ॲल्युमिनियम झिजतं, पांढरी भुकटी दिसते. ॲनोडाइज केलेली घ्या आणि धुऊन सांधा कोरडा करून तेलाचा थेंब द्या. टायटॅनियम समुद्राला दाद देत नाही, ज्यांना परवडेल त्यांनी तेच घ्यावं.

पिशवीवरची चेन आणि बक्कलं प्लॅस्टिकची पाहा. धातूची चेन समुद्रात अडकतेच. आपोआप मागे ओढली जाणारी स्प्रिंगची दोरी सगळ्यात आधी मरते, तिच्या जागी साधी गुंडाळी असलेली प्लॅस्टिकची दोरी वापरा.

धुताना पाण्याचा जोरदार फवारा मारू नका, तो मीठ आतच ढकलतो. कोमट किंवा साधं पाणी, हलकी धार. रील धुताना ड्रॅग (रीलचा ब्रेक) घट्ट करायचा आणि वाळायला ठेवताना सैल सोडायचा. पिशवी मात्र बादलीत बुडवून ठेवा, पट्ट्यांच्या शिवणीत मीठ अडकून बसतं आणि नुसत्या धारेनं जात नाही.

पाठपिशवी

दुसऱ्या रॉडचं कोणी विचारलं नाही, पण लवकरच विचाराल. सेशेल्ससारख्या ठिकाणी लोक हातात ९ वजनाचा (हा लाइनच्या जाडीचा क्रमांक, किलो नव्हे) रॉड ठेवतात आणि मोठा ट्रेवली समोर आला तर १२ वजनाचा दुसरा तयार हवा असतो. वाटाड्या बरोबर असेल तर तो धरतो. एकटे असाल तर सॅकच्या बाजूच्या खिशात रॉडची मूठ खोचायची आणि वर पट्टीनं बांधायचं. टोक डोक्याच्या वर उभं राहतं, बॅककास्टची, म्हणजे मागे फेकलेली लाइन त्यात अडकते. माझं मत: सुरुवातीला एकच रॉड. आणि आकाशात गडगडाट ऐकू आला की रॉड एक असो की दोन, पाण्याबाहेर. ग्रॅफाइटमधून वीज वाहते आणि सपाटीवर तुमच्याहून उंच दुसरं काही नसतं.

भरतीवेळ

प्यायच्या पाण्याबद्दल. अंगावरचं सगळ्यात जड सामान तेच असतं, लिटरला एक किलो. उन्हात दोन लिटर तरी लागतं. ते कडेला लोंबवू नका, कण्याजवळ ठेवा. कंबरेच्या पिशवीचा पट्टा दोन लिटरनं खाली ओढला जातो, म्हणून लांबच्या फेरीला मी एक लिटर पाठीवर आणि एक किनाऱ्यावर असं विभागतो.

आणि अंगावर सगळ्यात उंच जागी तीन वस्तू: शिट्टी, फोन, होकायंत्र. शिट्टी पट्ट्याला तोंडापाशी. होकायंत्र का, तर धुकं उतरलं किंवा ऊन समोरून आलं की सपाटीवर चहूकडे सारखंच दिसतं. पाण्यात उतरतानाच किनारा कोणत्या दिशेला ते पाहून घ्यायचं. ओल्या बोटांनी फोनचा पडदा चालत नाही, त्यामुळे नकाशा फोनमध्ये आहे यावर विसंबू नका.

पाणकोंबडी

कालवांच्या खडकावर जाणार असाल तर बंद बूट हवेतच, आणि खरचटलं तर दुर्लक्ष नको. कोमट खाऱ्या किंवा निमखाऱ्या पाण्यात व्हिब्रिओ नावाचे जिवाणू असतात, उघड्या जखमेतून आत जातात. जखम लगेच स्वच्छ गोड्या पाण्यानं आणि साबणानं धुवायची. लाली झपाट्यानं पसरली, फोड आले किंवा ताप आला तर त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. यकृताचा आजार असलेल्यांनी तर जखम असताना पाण्यात उतरूच नये. माझ्या स्लिंगमध्ये साबणाची वडी आणि वॉटरप्रूफ पट्ट्या असतात, बोटाएवढी जागा लागते.

ओलीवाट

सगळ्यांचे मनापासून आभार. तुमच्या सांगण्यावरून असं ठरवतोय: सपाटीसाठी बुडवता येणारी लहान कंबरेची पिशवी, खांद्यावरून जाणारा जादा पट्टा असलेली, म्हणजे वाहाळ आली की वर उचलून आवळता येईल. डावी बाजू रिकामी, पक्कड उजवीकडे मागे. एक डबी, एक वापरलेल्या फ्लायची डबी, दोन रिळं. फुगणारं लाइफजॅकेट गळ्यातलं. पुळणीसाठी बास्केट आणि खिसे.

एकच शंका उरली. मासा सोडायला जाळं न्यावं का? ते कुठे अडकवायचं तेच समजत नाही.

भरतीवेळ

जादा पट्ट्याची युक्ती चांगली आहे. फक्त तो पट्टा आणि गळ्यातल्या लाइफजॅकेटच्या नळ्या एकमेकांवर येता कामा नयेत. पट्टा जॅकेटवरून गेला तर ते नीट फुगत नाही. पट्टा आधी, जॅकेट त्यावरून. कंबरेवर बसणारं घेतलं तर पिशवीशी भांडण होईल, त्यामुळे गळ्यातलंच बरोबर.

जाळं सपाटीवर नको. तिथे गुडघाभर पाण्यात मासा पायाशी आणून पाण्यातच ठेवायचा आणि पक्कडीनं किंवा बोटांनी गळ फिरवून काढायचा. गळाची उलटी नोक आधीच दाबून सपाट केलेली असली की तो सहज निघतो. हात ओले हवेत, आणि त्यांवर उन्हाचं क्रीम लागलेलं नको. मासा उचलायचाच नसेल तर जाळ्याचं काम उरत नाही, आणि पाठीवर लोंबणारी जाळी म्हणजे लाइन अडकायला आणखी एक जागा.

खडपावरचा

पुळणीवरही नको. लाटेबरोबर मागे मागे चालत मासा ओल्या वाळूच्या कडेला आणायचा, लाट परत फिरली की गळ काढायचा आणि पुढच्या लाटेत त्याला सोडायचं. जाळं लागतं ते उंच खडपावरून किंवा धक्क्यावरून, जिथे पाण्यापर्यंत हात पोचत नाही, आणि तिथे लांब दांड्याचं लागतं. ते अंगावर न बाळगता खडकाच्या खाचेत रोवून ठेवायचं, लाट पोचणार नाही अशा उंचीवर, आणि दोरीनं बांधून.